भारत आणि श्रीलंका : दोन शेजारी देशांच्या विकासाचा तुलनात्मक विचार

प्रास्ताविक

श्रीलंकेचे नाव घेतले की आपल्या समाजातील उपासक-उपासिकांच्या मनात प्रथम जागी होते ती धम्माची स्मृती. महास्थविर महेंद्र, थेरी संघमित्रा, अनुराधपूरचा बोधिवृक्ष, अलुविहारात ग्रंथारूढ झालेले तिपिटक या गोष्टी आपण श्रद्धेने ऐकत आलो आहोत. पुणे शहराचेही या बेटाशी जुने नाते आहे. गोव्यातून पुण्यास संस्कृत शिकण्यासाठी आलेले धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिलोनला गेले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांजवळ त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि पुढे पुण्याच्याच फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. १९५० च्या मे महिन्यात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिलोनला गेले, कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित राहिले आणि कोलंबो येथे त्यांनी भारतातील बौद्ध धम्माच्या उदयास्तावर भाषण केले.

परंतु श्रीलंका हा केवळ स्तूपांचा आणि विहारांचा देश नव्हे. तेथेही शेतकरी आहे, मळ्यावरचा मजूर आहे, प्रसूतीसाठी दवाखाना शोधणारी माता आहे, शाळेत जाणारे मूल आहे. या माणसांचे जीवन कसे आहे आणि तसे ते का आहे, याचा अभ्यास आपल्याकडे फार थोडा झाला. भारत १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला आणि सिलोन ४ फेब्रुवारी १९४८ रोजी. राज्यकर्ते एकच, हवामान व शेती पुष्कळशी सारखी, गरिबीही दोहोंकडे. असे असता दोन्ही देशांच्या सामाजिक स्थितीत एवढे अंतर का पडले, हा प्रश्न आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

आरंभीच एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. भारतासारखा अवाढव्य देश आणि एक लहानसे बेट यांची तुलना योग्य आहे काय? २०१२ च्या जनगणनेनुसार श्रीलंकेची लोकसंख्या सुमारे २ कोटी ३ लाख होती. २०११ च्या आपल्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्याची १ कोटी १० लाख होती. म्हणजे पुणे व ठाणे हे दोन जिल्हे एकत्र केले की एक श्रीलंका होते. म्हणून या तुलनेत आपण भारताबरोबरच महाराष्ट्राकडेही पाहू. लहान आकारामुळे काम सोपे होते हे खरे मानले, तर जे काम एका बेटाला साधले ते दोन-तीन जिल्ह्यांत का साधू नये, हा प्रश्न उरतोच.

विकास कशाने मोजावा?

विकास म्हणजे उत्पन्नाची वाढ, असे बहुधा समजले जाते. देशाचे एकूण उत्पन्न घ्यावे, त्यास लोकसंख्येने भागावे आणि येणारा आकडा ही प्रगतीची खूण मानावी, अशी ही पद्धत. या सरासरीत कारखानदार आणि त्याच्या दारातील सफाई कामगार एकाच ओळीत बसतात, हा तिचा दोष होय. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली या सरासरीच्या आत डोकावून पाहिले. माणसास दररोज २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न घेण्याची ऐपत किती लोकांची आहे, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के जनता या रेषेखाली आहे, असे त्यांना आढळले. १९९० पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने मानव विकास निर्देशांक प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षण यांची गणना केली जाते.

हा विचार आपल्या परंपरेस परका नाही. दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात एका राज्याच्या अधोगतीचा क्रम सांगितला आहे. राजाने प्रजेचे रक्षण केले, पण निर्धनांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, हत्येतून असत्य असा क्रम चालू झाला आणि प्रत्येक पायरीवर माणसांचे आयुष्य घटत गेले. शेवटी माणसे एकमेकांकडे मृगाकडे पाहावे तशी पाहू लागली आणि हातात शस्त्रे घेऊन एकमेकांचे प्राण घेऊ लागली. राज्याची परीक्षा खजिन्यावरून न करता माणसे किती वर्षे जगतात आणि एकमेकांशी कशी वागतात यावरून करावी, हे या सुत्ताचे मर्म आहे. या दोन कसोट्या ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ. पहिल्या कसोटीस श्रीलंका उत्तम उतरली. दुसऱ्या कसोटीस ती उतरली नाही.

आकडे काय सांगतात

१९४६ च्या जनगणनेत सिलोनमधील साक्षरता सुमारे ५८ टक्के होती. १९५१ साली भारतात ती १८ टक्के होती आणि स्त्रियांमध्ये जेमतेम ९ टक्के. १९४६ साली सिलोनमधील माणसाचे सरासरी आयुर्मान ४३ वर्षांच्या आसपास होते. अवघ्या सात वर्षांत, १९५३ पर्यंत, ते सुमारे ५८ वर्षांवर गेले. भारतात १९४१ ते १९५१ या दशकात ते ३२ वर्षे होते.

१९९० च्या पहिल्या मानव विकास अहवालाने श्रीलंकेकडे जगाचे लक्ष वेधले. त्या वेळी तेथील दरडोई उत्पन्न वर्षाला ४०० डॉलर, आयुर्मान ७१ वर्षे आणि प्रौढ साक्षरता ८७ टक्के होती. ब्राझीलचे दरडोई उत्पन्न त्याच्या पाचपट असूनही तेथील आयुर्मान ६५ वर्षे होते. भारताचे उत्पन्न ३०० डॉलर, म्हणजे श्रीलंकेहून फार कमी नव्हते, परंतु आयुर्मान ५९ वर्षे आणि प्रौढ साक्षरता ४३ टक्के एवढीच होती. उत्पन्नातील १०० डॉलरच्या फरकाने आयुष्यातील १२ वर्षांचा फरक स्पष्ट होत नाही. त्याचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

१९९१ नंतर भारताच्या उत्पन्नवाढीचा वेग वाढला. आयुर्मान ७२ वर्षांपर्यंत पोहोचले. तरीही अंतर पूर्णपणे मिटलेले नाही. २०२३ च्या आकडेवारीवर आधारलेल्या मानव विकास निर्देशांकात श्रीलंका ८९ व्या आणि भारत १३० व्या स्थानी आहे. भारतात २०२० साली जन्मलेल्या दर हजार बालकांमागे २८ बालके वर्षाच्या आत दगावली. श्रीलंकेत हे प्रमाण सहाच्या आसपास आहे. महाराष्ट्राचा आकडा १६ होता. बाळंतपणात होणारे मातामृत्यू भारतात २०१८ ते २०२० या काळात दर लाख प्रसूतींमागे ९७, महाराष्ट्रात ३३ आणि श्रीलंकेत तिसाच्या आसपास होते. मातांच्या बाबतीत महाराष्ट्राने श्रीलंकेस जवळजवळ गाठले, ही समाधानाची गोष्ट आहे आणि प्रयत्न केल्यास अंतर मिटते याचा पुरावाही आहे.

पुणे १९२८, सिलोन १९२८

या अंतराचे मूळ स्वातंत्र्याच्या वीस वर्षे आधी सापडते. २३ ऑक्टोबर १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुणे येथे सायमन आयोगापुढे साक्ष दिली. त्याआधी मे महिन्यात बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी आयोगास निवेदन सादर केले होते. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मताधिकार मिळाला पाहिजे, ही त्यांची मागणी होती. मत हे शिकलेल्या किंवा मालमत्ता असलेल्या माणसास दिलेले बक्षीस नव्हे. समाजात आपण कोणत्या अटींवर राहावयाचे हे ठरविण्याचा तो अधिकार आहे आणि जो दुर्बल आहे त्यालाच त्याची अधिक गरज आहे, अशी त्यांची भूमिका होती.

त्याच वर्षी डोनमोर आयोगाने सिलोनसंबंधी आपला अहवाल दिला आणि प्रौढ मताधिकाराची शिफारस केली. तेथील उच्चभ्रू पुढाऱ्यांपैकी अनेकांना ही शिफारस रुचली नाही. पोन्नंबलम रामनाथन यांच्यासारख्या वजनदार नेत्याने तिला विरोध केला. कामगार चळवळीचे नेते ए. ई. गुणसिंह मात्र तिच्या बाजूने उभे राहिले. अखेर २१ वर्षांवरील स्त्री-पुरुषांस मत मिळाले आणि १९३१ साली सिलोनमध्ये प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली.

भारतात काय घडले? सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्यास पुणे करार झाला. राखीव जागा मिळाल्या, पण मतदार होण्यासाठी मालमत्तेच्या व शिक्षणाच्या अटी कायम राहिल्या. १९३५ च्या कायद्यानंतरही बहुसंख्य प्रौढ मताधिकाराबाहेरच होते. बाबासाहेबांनी पुण्यात जे मागितले ते भारतीयांना संविधानाने दिले आणि त्याचा पहिला उपयोग १९५१-५२ च्या निवडणुकीत झाला. सिलोनहून आपण वीस वर्षे मागे राहिलो.

मत मिळाल्याने पोट भरते काय, असे विचारले जाते. सिलोनचा अनुभव याचे उत्तर देतो. १९३१ नंतर उमेदवारास खेड्यातील निरक्षर शेतकऱ्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या दारात जावे लागले. त्यांनी मागितल्या त्या गोष्टी साध्या होत्या : गावात शाळा, जवळ दवाखाना, परवडणारा तांदूळ. देश परतंत्र होता, तिजोरी लहान होती, परंतु राज्यमंडळातील सदस्यांना पुन्हा निवडून यावयाचे होते. पुढे जे घडले त्यामागे ही राजकीय समता उभी होती.

शाळेची कथा

सर्वांसाठी शिक्षणाची मागणी प्रथम पुण्यात झाली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते यथार्थ आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे सुचविले आणि शेतकऱ्यांच्या घामातून जमा होणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे दाखवून दिले. १९११ साली पुण्याचेच गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या करवीर संस्थानात शिक्षण मोफत व सक्तीचे केले, परंतु संस्थानाच्या सीमेबाहेर ही सक्ती गेली नाही. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवले. चालू गतीने शालेय वयाच्या सर्व मुलांना शाळेत आणण्यास ४० वर्षे आणि सर्व मुलींना आणण्यास ३०० वर्षे लागतील, असा त्यांचा हिशेब होता.

सिलोनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा पूर्वीपासून होत्या आणि १८८० नंतर बौद्ध शाळांची चळवळही जोमाने वाढली. त्यामुळे तेथील भूमी आधीच थोडी नांगरलेली होती. परंतु निर्णायक पाऊल पडले ते सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगर यांच्या काळात. १९३१ पासून १९४७ पर्यंत ते शिक्षणमंत्री होते. ग्रामीण भागात त्यांनी मध्य महाविद्यालये नावाच्या सुसज्ज शाळा उभारल्या आणि १ ऑक्टोबर १९४५ पासून बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण विनाशुल्क झाले. श्रीमंतांच्या इंग्रजी शाळांचे महत्त्व कमी होईल या भीतीने या योजनेस कडाडून विरोध झाला, पण प्रौढ मतदारांपुढे तो टिकला नाही.

१९४५ हे वर्ष आपल्यासाठीही महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेस पुढे मिलिंद नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय उभे राहिले. वाचकांनी येथे थोडे थांबून विचार करावा. जे काम सिलोनमध्ये शासनाने कायद्याने आणि तिजोरीतून केले, तेच काम येथे वंचित समाजाला स्वतःची संस्था काढून करावे लागले. बाबासाहेबांच्या त्या कार्याचे मोल यामुळे वाढते. पण शासनाच्या उणिवेचे मापही त्यातच दिसते.

संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने १४ वर्षांपर्यंतच्या बालकांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ध्येय ठेवले. ती मुदत १९६० साली संपली. शिक्षण हा मूलभूत हक्क झाला तो २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. जोतीरावांच्या निवेदनानंतर १२८ वर्षांनी. या विलंबाचे कारण केवळ पैशाची टंचाई होते असे म्हणता येत नाही, कारण सिलोनही श्रीमंत नव्हता. ज्या समाजरचनेत कामे जन्माने वाटलेली आहेत, तेथे सर्वांची मुले शिकली तर ती कामे कोण करणार, ही चिंता वरच्या थरास असते. जातिव्यवस्था ही अशा रीतीने शिक्षणाच्या अंदाजपत्रकातही काम करीत असते.

दवाखाना आणि तांदूळ

१९३४-३५ साली सिलोनमध्ये हिवतापाची भीषण साथ आली. सुमारे ८० हजार माणसे मरण पावली. परंतु मतदार असलेल्या खेड्यांचे हे मरण राज्यकर्त्यांना विसरता आले नाही. साथीनंतर ग्रामीण रुग्णालये व औषधालये वाढली. १९२६ साली कलुतर येथे सुरू झालेल्या आरोग्य केंद्राच्या धर्तीवर गावोगावी प्रशिक्षित सुईणी आणि आरोग्यसेवक नेमले गेले. १९४६ पासून डीडीटीची फवारणी झाली आणि एका वर्षात मृत्यूचे प्रमाण हजारामागे २० वरून १४ वर आले. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंकेस हिवतापमुक्त घोषित केले. सरकारी रुग्णालयातील उपचार तेथे विनामूल्य राहिले.

आपल्याकडे रोगराईत धावून जाणारे लोक नव्हते असे नाही. १८९७ च्या पुण्यातील प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा केली, मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी बालकास त्यांनी उपचारासाठी नेले आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्याग थोर होता. परंतु त्या त्यागाचे कायमच्या व्यवस्थेत रूपांतर करणारे शासन तेव्हा नव्हते आणि तसे शासन निर्माण करणारे मतही रुग्णाच्या हाती नव्हते.

अन्नाची कथाही अशीच. महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून, सिलोनमध्ये तांदळाचे रेशन सुरू झाले आणि पुढे ते सवलतीच्या दराने चालू राहिले. १९५३ साली सरकारने मापाचा दर २५ सेंटवरून ७० सेंट केला. १२ ऑगस्ट रोजी देशभर हरताळ झाला, गोळीबार झाला, आणि थोड्याच काळात पंतप्रधान डडली सेनानायके यांना पद सोडावे लागले. गरिबाच्या ताटातील भात हा राजकारणाचा पहिला प्रश्न झाला, हे मताधिकाराचेच फळ होते.

ज्यांचे मत काढून घेतले

येथवरची कथा उत्साह देणारी आहे. परंतु तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय अभ्यास सम्यक होणार नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी कॉफीच्या आणि पुढे चहाच्या मळ्यांवर कामासाठी तमिळ प्रदेशातून लाखो मजूर नेले. त्यांतील बहुसंख्य पल्लर, परैयर, चक्किलियर अशा अस्पृश्य मानलेल्या जातींचे होते. म्हणजे ही आपलीच माणसे. देशाचे परकीय चलन त्यांच्या श्रमातून येत होते. १९४७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचे सात प्रतिनिधी निवडून आले. लगेच १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने आणि १९४९ च्या निवडणूकविषयक दुरुस्तीने सुमारे सात लाख मळेमजूर नागरिकत्व व मत गमावून बसले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात ९ लाख ७५ हजार माणसांची वाटणी ठरली : सव्वापाच लाख भारताने न्यावयाची, तीन लाख सिलोनने ठेवावयाची, उरलेल्यांचा निर्णय पुढे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राबलेल्या माणसांना कोणीही विचारले नाही. हा प्रश्न पूर्णपणे मिटण्यास २००३ चा कायदा यावा लागला.

याचा परिणाम काय झाला? ज्या देशात खेड्यातील मूल शाळेत जात होते, त्याच देशात मळ्यावरचे मूल मागे राहिले. १९७३-७४ च्या अन्नटंचाईत मळ्यांवरील मृत्यूचे प्रमाण एकदम वाढले. २०१६ च्या पाहणीत श्रीलंकेतील पाच वर्षांखालील १७ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली, तर मळ्यांवर हेच प्रमाण जवळजवळ ३२ टक्के होते. बेट तेच, शासन तेच. फरक एवढाच की एका समूहाचे मत १९३१ पासून सलग टिकले आणि दुसऱ्याचे हिरावले गेले. राजकीय समतेतून सामाजिक विकास घडतो, या विधानाचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागत नाही.

येथे महाराष्ट्राचा आकडा ठेवणे आवश्यक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके खुजी आहेत. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न आज श्रीलंकेच्या जवळ जाणारे आहे. तरीही या संपन्न राज्यातील सर्वसाधारण बालकाची स्थिती श्रीलंकेतील सर्वांत उपेक्षित अशा मळेमजुराच्या बालकासारखी आहे.

बंधुतेवाचून विकास

श्रीलंका बौद्धबहुल देश आहे, म्हणून तेथे जातिभेद नसेल असे आपल्यातील काहींना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. १७५३ साली स्थापन झालेल्या सियाम निकायाची उपसंपदा गोयिगम या वरिष्ठ जातीपुरती राखली गेली. म्हणून इतर जातींतील भिक्खूंना १८०३ साली अमरपुर निकाय उभारावा लागला. तमिळ हिंदूंच्या जाफना भागात तर १९५७ च्या सामाजिक विषमताविरोधी कायद्यानंतरही, १९६८ साली माविद्दपुरम येथे मंदिरप्रवेशासाठी दलितांना सत्याग्रह करावा लागला. तथागतांनी संघात जातीस थारा दिला नाही, परंतु त्यांचे नाव घेणाऱ्या समाजाने तो दिला. नावाने बौद्ध असणे आणि आचरणाने बौद्ध असणे यांतील भेद बाबासाहेबांनी ओळखला होता. म्हणूनच त्यांनी प्रतिज्ञांवर आणि आचरणावर एवढा भर दिला.

१९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा करण्यात आली. १९७१ नंतर विद्यापीठप्रवेशाच्या नियमांनी तमिळ विद्यार्थ्यांच्या संधी कमी झाल्या. १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्मास अग्रस्थान दिले. १९८१ साली जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले आणि १९८३ च्या जुलैत तमिळांच्या कत्तली झाल्या. त्यानंतरचे यादवी युद्ध मे २००९ पर्यंत चालले. ८० हजार ते एक लाख माणसे त्यात मेली असा अंदाज आहे. सुत्तात सांगितलेला शस्त्रांचा काळ शिकलेल्या, निरोगी, दीर्घायुषी समाजावरही येऊ शकतो, हे श्रीलंकेने दाखविले. मैत्रीवाचून प्रज्ञाही अपुरी पडते.

आर्थिक पायाही कच्चा राहिला. शिकलेल्या तरुणांना पुरेसे काम नव्हते. १९७१ चा बंडाचा उद्रेक त्यांतूनच झाला. पुढे कर्जावर आणि मोजक्या निर्यातींवर चाललेली अर्थव्यवस्था २०१९ ची करकपात, महासाथीत बुडालेले पर्यटन आणि २०२१ साली एकाएकी घातलेली रासायनिक खतांवरील बंदी यांनी कोलमडली. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परदेशी कर्जाची फेड थांबविली, जुलैमध्ये अध्यक्षांना देश सोडावा लागला. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार एका वर्षात दारिद्र्याचे प्रमाण १३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले. त्या वर्षी भारताने सुमारे चार अब्ज डॉलरचे साहाय्य केले. भारताचे आर्थिक बळ येथे दिसून आले आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. केवळ उत्पन्नाने माणूस उभा राहत नाही हे जसे खरे, तसे उत्पादनाच्या पायावाचून शाळा-दवाखाने फार काळ सुरक्षित राहत नाहीत हेही खरे.

आपण काय घ्यावे

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तिहींची फारकत करता येत नाही, असेही त्यांनी बजावले होते. दोन्ही देशांच्या इतिहासाने हा इशारा खरा ठरविला. भारताने मत दिले, पण शाळा उशिरा दिली. श्रीलंकेने मत आणि शाळा दोन्ही लवकर दिल्या, पण बंधुता दिली नाही. जेथे जे उणे राहिले तेथे त्याची किंमत सर्वांत दुर्बल माणसाने मोजली.

श्रीलंकेतील मळ्यांविषयी वाचताना आपल्या दाराशी असलेल्या मळ्यांकडेही पाहिले पाहिजे. दरवर्षी गाळपाचा हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्यातील अन्य भागांतून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात येतात. त्यांत दलित, भटके-विमुक्त आणि भूमिहीन कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. पाचटाच्या खोपीत महिनोन्‌महिने राहावे लागते. मुलांची शाळा मध्येच सुटते, गरोदर स्त्रीची नोंद गावच्या दवाखान्यात राहते आणि ती स्वतः फडात असते. याच काळात निवडणूक आली तर मतही गावाकडे राहते. कायद्याने कोणी त्यांचे नागरिकत्व हिरावलेले नाही. तरी शाळा, दवाखाना आणि मत या तिन्ही गोष्टी त्यांच्यापासून निम्मे वर्ष दूर राहतात. पुण्यातील बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांची स्थिती याहून फारशी निराळी नाही.

विहार ही केवळ वंदनेची जागा नाही. प्रत्येक विहाराच्या परिसरात शाळेबाहेर राहिलेली मुले किती, अंगणवाडीत बालकांचे वजन नियमित होते काय, मतदार यादीत कोणाचे नाव नाही, याची नोंद तेथील कार्यकर्त्यांस ठेवता येईल. यासाठी मोठा निधी लागत नाही, चार उपासक आणि एक वही पुरे. ही वही घेऊन नगरसेवकाकडे, शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्याकडे, आरोग्य केंद्रात जाता येईल. १९३१ साली सिलोनच्या खेडुताने आपल्या प्रतिनिधीकडे शाळा मागितली, तेव्हा त्याच्याजवळही मतावाचून दुसरे काही नव्हते. तेच मत बाबासाहेबांनी १९२८ साली याच पुण्यात आपल्यासाठी मागितले होते. ते आपणास मिळाले आहे. फडावरच्या आणि भट्टीवरच्या बालकासाठी ते वापरणे, हे आता आपले कर्तव्य आहे.